आधी तार, मग कर्नल

कर्नल कोसळतं तेव्हा नेटवर्क, डिस्क, पडदा यांतलं काहीच भरवशाचं उरत नाही. उरते ती सिरियल तार. पण ती आधीपासून जोडलेली आणि तपासलेली असेल तरच. काशीच्या शिंदे घाटावर गंगेची पातळी मोजणारी लिनक्सची एक छोटी पेटी आम्ही काही मित्रांनी बसवली होती. तिच्या आजारपणात जे हाती आलं, ते या वाटेनं जाणाऱ्यांसाठी लिहितो आहे.

ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांनी 1830च्या सुमारास बांधलेला हा घाट मणिकर्णिकेला लागून आहे. पावसाळ्यात खालच्या पायऱ्या बुडतात आणि शेजारच्या कललेल्या रत्नेश्वर मंदिरात पाणी शिरतं. वाराणसीत गंगेची इशारा पातळी 70.262 मीटर, धोक्याची 71.262, 1978च्या पुरात पाणी 73.901 मीटरपर्यंत चढलं होतं. म्हणून पेटी भिंतीवर उंच टांगली आणि आम्ही बसायचो ती खोली तिच्याही वर.

पावसाच्या रात्री पेटी गोठायची. मोबाइल मोडेम तिच्याबरोबरच गप्प व्हायचा, त्यामुळे दूरवरून आत शिरायची सोय नाही. आणि पेटीच्या मेमरी कार्डावर एका अक्षराची नोंद नाही, कारण कोसळणाऱ्या कर्नलला फाइल लिहायला उसंत मिळत नाही. मग सिरियल तारेवरून चालतं कर्नल थांबवून तपासू देणाऱ्या केजीडीबीकडे वळलो. यात दोन यंत्रं लागतात: तपासायचं ते टार्गेट आणि जीडीबी हा डीबगर चालवणारं ते होस्ट. या साधनाला पुण्याचा हात लागलेला आहे. कर्नलच्या मूळ संहितेत त्याच्या मुख्य फाइलीच्या माथ्यावर अमित काळे यांचं आणि लिनसिससॉफ्ट या पुण्याच्या कंपनीचं नाव आजही वाचायला मिळतं. कित्येक वर्षं ते बाहेरून पॅच म्हणून जोडावं लागे. 2008 साली 2.6.26 या आवृत्तीत ते मुख्य कर्नलमध्ये आलं.

माझं सांगणं एकच आहे: खालून वर चढा. तार पक्की झाल्याशिवाय कर्नलला हात लावू नका.

तारेत तीनच धागे महत्त्वाचे: पाठवणारा, घेणारा आणि ग्राउंड. पाठवणारा समोरच्याच्या घेणाऱ्याला जोडायचा, म्हणजे नऊ पिनांच्या जोडणीत 2 आणि 3 उलटसुलट, 5 सरळ. बाजारातून आणलेली केबल सरळ आहे की उलटी, हे वरून कळत नाही. मल्टिमीटर लावून एकेक पिन पाहा. बोर्डाची पिन बहुधा 3.3 व्होल्टची असते आणि जुन्या सिरियल पोर्टवर उणे-अधिक 15 व्होल्टपर्यंत दाब असू शकतो. मधे लेव्हल कन्व्हर्टर न घालता जोडलंत तर पिन जळते, ती परत येत नाही.

लांबीलाही मर्यादा आहे. अशा केबलसाठी 15 मीटर हा रूढ आडाखा. त्यापुढे जायचं तर वेग उतरवा. 115200 बॉडला सेकंदाला जेमतेम साडेअकरा हजार बाइट जातात. 9600 वर काम रेंगाळतं, पण होतं.

आम्हाला सर्वांत जास्त छळलं ते ग्राउंडनं. पेटीची वीज एका घरातून, खोलीची दुसऱ्या. लॅपटॉप बॅटरीवर असला की अक्षरं स्वच्छ यायची. चार्जर लावला रे लावला की पडद्यावर प्रश्नचिन्हं आणि चौकोन. चार्जर काढला की पुन्हा स्वच्छ. दोन घरांच्या ग्राउंडमध्ये दाबाचा फरक होता. प्रकाशाच्या साहाय्याने संकेत पुढे देणारा आयसोलेटर मधे घातला आणि तो त्रास थांबला. जुन्या वस्तीत काम करणाऱ्यांनी हा खर्च टाळू नये.

जीडीबी प्रत्येक निरोप डॉलरच्या चिन्हानं सुरू करतो आणि शेवटी दोन आकडी तपासबेरीज जोडतो. बेरीज जुळली नाही तर समोरून उणे चिन्ह येतं आणि तोच निरोप पुन्हा जातो. त्यामुळे खराब तार 'मी खराब आहे' असं सांगत नाही. सगळं फक्त संथ आणि विचित्र होतं आणि आपण कर्नलवर संशय घेत बसतो. म्हणून आधी दूरच्या टोकाला 2 आणि 3 एकमेकांना जोडून टंकलेलं परत येतं का ते पाहा. मग मोठी फाइल दोन्ही दिशांनी पाठवून जुळवा.

एवढं झाल्यावर कर्नल. डीबग माहितीसह बांधा आणि होस्टवर त्याच बांधणीची फाइल ठेवा. एका पर्यायाचाही फरक असला तर ओळी भलत्याच दिसतात. पत्ते विस्कटण्याची सोय बंद करा. टार्गेटला बोर्डावरचं खरं सिरियल पोर्ट लागतं. यूएसबीचा अडॅप्टर होस्टच्या टोकाला चालतो. वॉचडॉग बंद करा, नाहीतर ब्रेकपॉइंटवर थांबताच यंत्र रीस्टार्ट होईल. टर्मिनलचा प्रोग्राम बंद करूनच जीडीबी जोडा. दोघे एका पोर्टवर असले की एकमेकांची अक्षरं पळवतात.

मग एका पावसाळी रात्री वीज लुकलुकली आणि जीडीबी आपणहून थांबला. मोडेमचा ड्रायव्हर, जो मोडेमसोबत वेगळा मिळाला होता, मोडेम सुटताच आपली मेमरी सोडून देत होता. पण त्याचा टायमर तसाच चालू राहून त्याच मेमरीला हात लावत होता. आधी टायमर थांबवायचा, मग मेमरी सोडायची, एवढा बदल पुरला.

आता इशारा. जीडीबी थांबतो तेव्हा अख्खं टार्गेट थांबतं. घड्याळ, नेटवर्क, पातळीची मोजणी, सगळंच. नदी चढत असताना लोक ज्या आकड्यावर विसंबतात, तो देणाऱ्या यंत्रावर हा प्रयोग करू नका. जोडीला दुसरी पेटी ठेवा, नाहीतर कुणाला तरी पातळीच्या पट्टीवर लक्ष ठेवायला बसवा. काम संपलं की केजीडीबी बंद करा, कारण ज्याच्या हाती ती तार, त्याच्या हाती सगळं यंत्र. तार मात्र काढू नका; साधा कन्सोल तिच्यावर चालू ठेवा आणि त्याची नोंद होस्टवर साठवत राहा. पुढचा बिघाड कधी येईल ते सांगता येत नाही, पण तो आला तर त्याचं कारण कुठेतरी लिहिलेलं असेल.