हिरवा प्रकाश आणि प्रतिपिंडाची साक्ष

एक्वोरिया व्हिक्टोरिया नावाच्या जेलीफिशमधून ओसामु शिमोमुरा यांनी वेगळ्या केलेल्या प्रथिनांत एक हिरवे प्रथिन होते. त्यांचा शोधनिबंध १९६२ साली प्रसिद्ध झाला. निळा प्रकाश पडला की हिरवा प्रकाश देणारे हे प्रथिन म्हणजेच जीएफपी. १९९४ मध्ये मार्टिन चाल्फी यांनी त्याचे जनुक जीवाणूत व सूत्रकृमीत घालून ते तेथेही प्रकाशते हे दाखविले. तेव्हापासून हव्या त्या प्रथिनाला जीएफपीचे शेपूट जोडून ते पेशीत कोठे आहे हे पाहण्याची रीत पडली.

मीही तेच केले. माझे प्रथिन ५० किलोडाल्टनचे. यीस्टच्या पेशी हिरव्या दिसताच मी वहीत 'प्रयोग यशस्वी' असे लिहून टाकले. मार्गदर्शक बाईंनी वही पाहून विचारले, "हिरवं दिसतंय ते तुझं प्रथिन, की नुसतं शेपूट?" मला उत्तर देता आले नाही.

ते उत्तर प्रतिपिंड देते. वेस्टर्न ब्लॉट या पद्धतीत पेशीतील प्रथिने एसडीएस घालून उकळतात, जेलमध्ये रेणुभारानुसार वेगळी करतात आणि पातळ पटलावर उतरवून घेतात. उकळल्याने जीएफपीची पिंपासारखी घडी मोडते व प्रकाश मालवतो. अमिनो अम्लांची साखळी मात्र शाबूत राहते. तिचा ठरावीक भाग ओळखणारे प्रतिपिंड तेथे चिकटते. मग पहिल्याला ओळखणारे दुसरे प्रतिपिंड, विकर जोडलेले, घातले की पट्टा उमटतो.

जीएफपी सुमारे २७ किलोडाल्टनचे. म्हणजे माझा पट्टा ७७ च्या आसपास यायला हवा होता. तो आला २७ वर! जोड पेशीतच तुटला होता. तीन आठवडे मी मोकळ्या शेपटाची छायाचित्रे जमवीत होतो.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. शेपूट नसलेल्या पेशींचा नमुना शेजारी हवाच; तेथेही तोच पट्टा आला तर तो जीएफपीचा नव्हे. दुसरे, एमचेरी हे लाल प्रथिन डिस्कोसोमा या प्रवाळसदृश प्राण्यापासून आले आहे. त्याला जीएफपीचे प्रतिपिंड चालत नाही.

प्रकाश 'कोठे' ते सांगतो, प्रतिपिंड 'काय' ते सांगते. दोघांची साक्ष जुळेपर्यंत वहीत 'यशस्वी' लिहू नये, एवढे मी शिकलो.