फडताळावरची बाटली

ज्या घरात चहाखेरीज अन्य पेय पाहुण्यांपुढे ठेवण्याचा शिरस्ता नव्हता, त्या घरात वाढलेला मी, काही वर्षांपूर्वी बढतीचा हुकूम हाती पडला त्या सायंकाळी, दप्तरातून परभारे एका मद्यविक्रेत्याच्या दुकानात शिरलो आणि दर्शनी काचेमागे, प्रखर दिव्याखाली उभी करून ठेवलेली परदेशी लाल वाइनची एक बाटली अडीच हजार रुपये मोजून घेऊन आलो. वाइनविषयीचे माझे तत्कालीन ज्ञान तीन कलमांत संपत असे: ती जितकी जुनी तितकी श्रेष्ठ, जितकी महाग तितकी निर्दोष, आणि लाल असल्यास खोलीच्या तपमानालाच प्यावयाची. बाटलीवर आठ वर्षांपूर्वीचे साल होते, शिवाय सोनेरी अक्षरांत ‘रिझर्व्ह’ असा शब्दही होता; मग संशयाला जागा कोठून उरणार? योग्य प्रसंग यावयाचा होता, म्हणून मार्च आणि एप्रिल हे दोन्ही महिने ती स्वयंपाकघरातील फडताळावर, शेगडीपासून दोन हातांच्या अंतरावर विराजमान झाली, आणि मे महिन्यातील एका रात्री दोन स्नेही, मेहुणा व थोरल्या बहिणीचे यजमान अशी मंडळी जमवून मी समारंभपूर्वक तिचे बूच काढले.

पेल्यातून जो गंध आला तो आटवलेल्या मनुकांचा होता, आणि घोट उतरता उतरता शिरक्याची झाक जिभेवर राहत होती. मंडळींनी यजमानाचा मुलाहिजा राखून ‘भारदस्त आहे’, ‘कसलेली आहे’ असे उद्गार काढले, दाजींनी मात्र पेला हलकेच बाजूस सारून म्हटले, “रागावू नकोस, पण कोकमाचं सार असेल तर वाटीभर दे.”

या फजितीचा खुलासा मला पुढील फेब्रुवारीत नाशिकजवळच्या एका द्राक्षमळ्यात झाला. युरोपात द्राक्षे उतरवितात ती साधारणतः सप्टेंबर-ऑक्टोबरात. आपल्याकडे पावसाळ्यानंतर छाटणी करून जानेवारी ते मार्च या काळात तोडणी होत असल्यामुळे मळ्यात ऐन लगबग होती. तेथे चव दाखविणाऱ्या तरुणाने माझी कहाणी शांतपणे ऐकून एकच प्रश्न विचारला: “काका, तुमची खोली किती अंशांची?” ‘खोलीचे तपमान’ हा शब्दप्रयोग ज्या दगडी घरांत जन्मला त्यांतील हवा १६ ते १८ अंशांची असे, आणि माझ्या स्वयंपाकघरात त्या उन्हाळ्यात पारा सहज पस्तिशीपलीकडे जात होता, म्हणजे मी ती वाइन जपून ठेवली नव्हती, दोन महिने मंद आचेवर शिजविली होती. दुकानातील दिव्याखाली तिने किती काळ काढला होता, हा हिशेब निराळाच.

वयाविषयीचे कलमही तेथेच रद्द झाले. वर्षानुवर्षे मुरवण्याजोगी वाइन एकूण उत्पादनात अत्यल्प असते. बेताच्या किमतीची, विशेषतः पांढरी, वाइन दोन वर्षांच्या आत प्यावी हेच उत्तम, आणि म्हणून नवशिक्याने बाटलीवरील साल वाचावे ते जुने शोधण्यासाठी नव्हे, ताजे शोधण्यासाठी. ‘रिझर्व्ह’चेही तसेच: स्पेनमध्ये त्या शब्दामागे कायद्याने ठरविलेली मुरवणीची मुदत असते, परंतु पुष्कळ देशांत तो निव्वळ अलंकार असतो. परदेशी बाटलीच्या किमतीत जकात व वाहतूक यांचा वाटाही मोठा. वर्षानुवर्षे आपल्याकडील आयात शुल्क १५० टक्के होते, तेव्हा माझ्या अडीच हजारांपैकी द्राक्षांच्या वाट्याला काय आले असेल याचा विचार न केलेला बरा.

म्हणून माझे सांगणे असे की, आरंभ हजार रुपयांच्या आतील नाशिककडच्या वाइनने करावा, आणि तोही शक्य असेल तेथे ३७५ मिलिलिटरच्या अर्ध्या बाटलीने. निवड चुकली तर नुकसानही निम्मेच. ज्या दुकानात माल खपतो आणि हवा गार असते तेथूनच खरेदी करावी. (परवाना काढून ठेवावा, आपल्या राज्यात १९४९च्या दारूबंदी कायद्यान्वये तो लागतो, ही गोष्ट मला सरकारी नोकरीत हयात घालवूनही उशिरा कळली.) घरी बाटली फडताळावर ठेवू नये, शीतकपाटात ठेवावी, लाल असल्यास पिण्यापूर्वी वीस-पंचवीस मिनिटे बाहेर काढावी, आणि उघडल्यावर तीन-चार दिवसांत संपवावी.

चव ओळखावयास शिकण्याचा किफायतशीर मार्ग तर मद्याशिवायच सुरू होतो. फार वेळ उकळलेला कोरा चहा जिभेला व हिरड्यांना जो कोरडा, आवळून धरणारा तुरटपणा देतो, तोच लाल वाइनमध्ये द्राक्षाच्या सालीबियांतून उतरतो. पांढरी वाइन साली वेगळ्या काढून आंबवितात म्हणून तिच्यात तो जवळजवळ नसतो, तेथे लिंबासारखी आंबट धार शोधावी. त्यानंतर दोन पेले शेजारी शेजारी ठेवावे, कारण एकाच वाइनविषयी मत बनत नाही, दोहोंतील फरकाविषयी बनते. परदेशी वर्णनांतील जी फळे आपण जन्मात चाखली नाहीत त्यांची नावे घोकण्यात मला तरी हशील दिसत नाही. माझ्या वहीत सोव्हिन्यों ब्लाँपुढे ‘पेरू, ढोबळी मिरची’ आणि शिराझपुढे ‘जांभूळ, मिरे’ अशी नोंद आहे. तिखट रश्शाबरोबर तुरट लाल वाइन घेतली की तोंडाची आग वाढते, हेही त्याच वहीत, किंचित वाकड्या अक्षरात, लिहिलेले आहे. तेथे जराशी गोडसर चेनिन ब्लाँ खुलते, आणि कोळंबीच्या कालवणाबरोबर दाजींनीसुद्धा तिचा दुसरा पेला मागितला.

शीतकपाटातील भाजीच्या कप्प्यात दोन बाटल्यांपुरती जागा सौभाग्यवतींनी सध्या मंजूर केली आहे. कैऱ्या आल्या की ती विनातक्रार खाली करून द्यावयाची, अशी अट आहे.