आदामाचे काम अजून बाकी आहे

वाचन : उत्पत्ती 2:19-20, रोम 8:18-22



देवाने प्राणी आदामापुढे आणले आणि तो त्यांना काय नावे देतो हे पाहिले. ते काम अजून चालूच आहे. त्याचे एक उदाहरण आपल्या मावळातल्या भातखाचरात सापडते.

खोडकिड्याची मादी भाताच्या पानावर अंडी घालते आणि पिवळट केसांनी झाकते. अळी खोडात शिरली की पोंगा वाळतो किंवा पांढरी, पोचट लोंबी बाहेर येते. ज्या ठाकर किंवा कातकरी कुटुंबाचे खाचरच दहा-पंधरा गुंठ्यांचे, त्याच्या घरचा तांदूळ यात जातो.

याच अंड्यांच्या शोधात ट्रायकोग्रामा नावाची गांधीलमाशी फिरते. तिची लांबी मिलिमीटरहून कमी! ती खोडकिड्याच्या अंड्यात आपले अंडे घालते. अळी आतला ऐवज खाते आणि बाहेर पडते ती नवी गांधीलमाशी.

सूक्ष्मदर्शकाखाली ट्रायकोग्रामा ओळखता येते : पायाच्या टोकाला तीनच पेरे, पंखांवर केसांच्या रांगा. पण त्यातली जात कोणती? रंग तर तापमानाप्रमाणेही बदलतो. बेंगळुरूच्या सुधा नागरकट्टी आणि एच. नागराजा या संशोधकांनी 1970 च्या सुमारास दाखवून दिले की खरी खूण नराच्या जननेंद्रियाच्या रचनेत आहे. म्हणून नुसत्या माद्या हाती आल्या तर तज्ज्ञही अडतो. आज ज्या जातीला आपण चिलोनिस म्हणतो, ती भारतात पूर्वी वेगळ्याच नावांनी ओळखली जाई. नावाचा हा घोळ कागदापुरता नसतो. भाताच्या खोडकिड्यासाठी जॅपोनिकम जात वापरतात, पाने गुंडाळणाऱ्या अळीसाठी चिलोनिस. चुकीची जात सोडली तर कष्ट वाया जाण्याचा धोका.

आता अवघड भाग. दुसऱ्या जिवाला आतून खाणारे हे कीटक प्रेमळ देवाने निर्माण केले का? डार्विनने 1860 मध्ये एसा ग्रे या श्रद्धावान वनस्पतिशास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रात अशाच गांधीलमाश्यांचे उदाहरण देऊन ही अडचण मांडली होती. प्रश्न खरा आहे, आणि त्याचे झटपट उत्तर देणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. पौल सांगतो की सृष्टी कण्हत आहे. मी तिथेच थांबते. पण त्या कण्हण्यातही गरिबाच्या ताटातला भात राखला जातो, हेही मला दिसते.

ज्या कुटुंबांना ट्रायकोकार्ड मिळतात त्यांच्यासाठी थोडे : पावसाची उघडीप पाहून सायंकाळी कार्डाचे तुकडे पानांच्या खालच्या बाजूला टाचावेत. कार्डे उन्हात ठेवू नयेत, मुंग्यांपासून जपावीत. त्या दिवसांत विषारी फवारणी करू नये, नाहीतर गांधीलमाशीच आधी मरते. नंतर पानांवरची अंडी तपासावीत. काळी पडलेली दिसली तर ती खुडू नका.