निगेटिव्ह स्कॅन काळं येतंय? नवीन मशीन घेण्याआधी हे तपासा



जुन्या लग्नाच्या निगेटिव्ह घेऊन गिऱ्हाईक दुकानात येतं, आपण काम घेतो, आणि नेमका तेव्हाच फ्लॅटबेड स्कॅनर काळा चौकोन दाखवतो. लगेच "मशीन गेलं" म्हणू नका. व्हिडिओतला क्रम इथे लिहून देतोय. क्रम मोडू नका.

१. साधा कागद स्कॅन करा. कागद नीट आला, तर सेन्सर, यूएसबी आणि ड्रायव्हर ठीक आहेत. दोष फिल्मच्या बाजूला आहे. कागदही आला नाही, तर यूएसबी केबल हबमधून काढून थेट कॉम्प्युटरला लावून बघा.

२. झाकणातला दिवा बघा. कागदाला उजेड खालून मिळतो, निगेटिव्हला वरून, झाकणातून. आतलं पांढरं पॅड काढायचं राहिलं, तर तो उजेड अडतो आणि स्कॅन काळं येतं. पॅड काढूनही प्रीव्ह्यूच्या वेळी फटीतून उजेड दिसत नसेल, तर मशीन बंद करा आणि झाकणाची वेगळी केबल असल्यास ती मागे घट्ट बसवा.

३. सेटिंग बघा. सॉफ्टवेअरमध्ये 'फिल्म' आणि 'कलर निगेटिव्ह' निवडलंय ना? 'रिफ्लेक्टिव्ह' राहिलं असेल तर झाकणातला दिवा लागणारच नाही.

४. रेघ येतेय? पट्टी होल्डरच्या दुसऱ्या खाचेत ठेवा. रेघ पट्टीबरोबर सरकली तर ओरखडा फिल्मवर आहे. जागेवरच राहिली तर दोष मशीनचा. मग काचेची कॅलिब्रेशनची जागा, म्हणजे होल्डरची वरची मोकळी खिडकी येते ती, मऊ कापडाने पुसा. काचेवर थेट स्प्रे मारू नका.

५. ब्लॅक अँड व्हाइट फिल्म विचित्र दिसतेय? इन्फ्रारेडवर चालणारं धूळ काढायचं फीचर बंद करा. या फिल्ममधली चांदी इन्फ्रारेड अडवते, आणि सॉफ्टवेअर चित्रालाच धूळ समजतं.

आता धंद्याचं बोलू. ३५ मिमीची फ्रेम २४ × ३६ मिमी असते. २४०० डीपीआयला ती साधारण ३४०० × २२७० पिक्सेल येते. ३०० डीपीआयने छापली तर सुमारे ११ × ७.५ इंच. म्हणजे ८ × १० ची प्रिंट आरामात निघते, थोडं क्रॉप करून. पोस्टरचा शब्द देऊ नका.

आणि हे विसरू नका: दुरुस्तीच्या चाचण्या गिऱ्हाइकाच्या निगेटिव्हवर करायच्या नाहीत. घरची एखादी जुनी पट्टी त्यासाठी वेगळी ठेवा. त्यांच्या पट्ट्या मोजा, पावतीवर आकडा लिहा, कडेनेच धरा. मशीन बिघडलं तर दुरुस्त होईल. कोणाच्या तरी आईवडिलांच्या लग्नाची एकुलती एक निगेटिव्ह खराब झाली, तर ती परत मिळणार नाही.

आजचा गृहपाठ: हे पाच मुद्दे कागदावर लिहून स्कॅनरशेजारी चिकटवा. भेटू पुढच्या व्हिडिओत!