नदीची नोंद आणि परिभाषेची एकवाक्यता

परिभाषा घडते कशी, हे आपण मागील घटकात पाहिले. तीच परिभाषा एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जाताना काय होते, हे आता गोसीखुर्दच्या आधारे पाहू.

भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यात वैनगंगेवर उभ्या असलेल्या या धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून वैनगंगेत येते. त्यामुळे येथे पाण्याची पातळी एक यंत्रणा मोजते, त्याची प्रत दुसरी तपासते, मासेमारीचा हिशेब तिसरी ठेवते. प्रत्येकीची नोंद तिच्या कामापुरती बरोबर असते. अडचण ती दुसऱ्याच्या हाती पडल्यावर सुरू होते.

‘विसर्ग’ हाच शब्द घ्या. व्याकरणात तो अक्षरापुढील दोन टिंबांचे नाव, तर धरणावर दारांतून सोडलेल्या पाण्याचे माप. दोन्हीकडे मूळ अर्थ ‘सोडणे’ हाच. परंतु ‘विसर्ग दहा हजार’ एवढाच निरोप नदीकाठच्या गावी पोहोचला, तर तो क्युसेकचा समजावा की क्युमेकचा? पहिले घनफुटाचे माप, दुसरे घनमीटरचे. एक क्युमेक म्हणजे सुमारे ३५.३ क्युसेक. गाव रिकामे करावे की नाही, हे येथे एका अक्षरावर ठरते. ‘पातळी २४५ मीटर’ हे वाचून कोणी इतके खोल पाणी समजेल. वस्तुतः ती उंची समुद्रसपाटीपासूनची असते. समुद्र भंडाऱ्यातून दिसत नाही, तरी येथील प्रत्येक नोंदीत तो बसलेला आहे!

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातील पाऊस आणि तेथील संजय सरोवरातून सोडलेले पाणी वैनगंगेत उतरले व भंडारा शहरात पूर शिरला. राज्याची सीमा ओलांडताना पाण्याला परवानगी लागत नाही. माहितीला मात्र अनेक टेबलांवरून जावे लागते. अशा वेळी आकड्यासोबत एकक, ठिकाण आणि मोजणीची वेळ नसेल, तर तो आकडा निरुपयोगी, किंबहुना घातक ठरतो.

२०१६ पासूनच्या राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्पात विविध राज्यांच्या जलविषयक नोंदी एकत्र आणण्याचे काम हाती घेण्यात आले. संगणक आकडे जुळवील. रकान्याच्या शीर्षकाचा अर्थ मात्र माणसांनीच आधी ठरवावा लागतो. आणि जलपर्णी कोठे वाढली, मासे कधी मेले, हे रोज पाहणाऱ्या ढिवरांच्या बोलीसाठी त्या तक्त्यात रकाना असावा, असे माझे मत आहे.

स्वाध्याय : आपल्या जवळच्या धरणाची विसर्गसूचना मिळवा. तीत एकक, ठिकाण व वेळ आहे का ते तपासा आणि नदीकाठच्या वाचकासाठी ती पाच वाक्यांत पुन्हा लिहा.