मंडालेचा तट आणि इरावतीवरची हूल

प्रश्न : लोकमान्य टिळक ज्या किल्ल्यातल्या तुरुंगात होते, तो मंडालेचा किल्ला दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी जपान्यांकडून परत घेतला म्हणतात. वाटेत इरावती आणि तटाभोवती खंदक असताना हे जमले कसे?

उत्तर : मंडालेच्या समोर त्यांनी नदी ओलांडलीच नाही. जानेवारी १९४५ मध्ये १९व्या भारतीय डिव्हिजनने शहराच्या बरेच उत्तरेला, थाबेक्यिन आणि क्यौकम्यौंगला, पैलतीर गाठले. १२ फेब्रुवारीला २०वी भारतीय डिव्हिजन पश्चिमेला म्यिन्मूजवळ उतरली. जपानी सेनापती किमुरा यांची खात्री पटली, की सगळी फौज मंडालेवरच येणार. इंग्रजांचे सेनापती जनरल स्लिम यांना नेमके हेच हवे होते. त्यांचा डोळा होता मेइक्तिलावर. मंडालेच्या दक्षिणेला शंभराहून अधिक किलोमीटरवर असलेल्या या गावी जपान्यांची कोठारे, विमानतळ आणि रेल्वे होती. तिकडे निघालेली सैन्याची कोअर जुन्याच जागी आहे असे भासवायला तामूला खोटे मुख्यालय मांडून बिनतारी संदेशांचा गलबला चालू ठेवला होता!

मेइक्तिलाकडे जाणारी खरी उडी १४ फेब्रुवारीच्या पहाटे नदीकाठच्या न्यांगूला पडली. साधने यथातथाच, कारण चांगली सामग्री आधी युरोपला जाई. अंधारात वल्ही मारत गेलेली एक तुकडी बिनबोभाट पैलतीरी पोचली. मागून इंजिनांवर निघालेल्यांची इंजिने मात्र भर पात्रात बंद पडली, होड्या प्रवाहाबरोबर वाहू लागल्या आणि मशीनगनच्या तडाख्यात सापडल्या. तोफा आणि विमानांच्या आडोशाने पुढच्या तुकड्या उतरल्या, तेव्हा बाजू सावरली. त्या भागात पैलतीरी आझाद हिंद सेनेच्या तुकड्याही होत्या, म्हणजे नदीच्या दोन्ही काठांवर भारतीय शिपाई. मार्चच्या सुरुवातीला मेइक्तिला पडले आणि मंडालेतल्या जपान्यांची रसद तुटली.

आता तुमचा खंदक. राजा मिंडॉनने बांधलेला हा चौरस किल्ला, प्रत्येक बाजू सुमारे दोन किलोमीटर. विटांचा उंच तट, त्याला आतून मातीचा जाड भराव आणि बाहेर साठ मीटरांहून रुंद खंदक. मार्चमध्ये उत्तरेकडून आलेल्या १९व्या डिव्हिजनच्या गुरख्यांनी आधी मंडाले टेकडी चढून घेतली. तिथल्या देवळांच्या तळघरांत दडलेल्या जपान्यांना हुसकायला आणखी काही दिवस गेले. मग तटावर अगदी जवळून तोफा डागल्या, पण मातीचा भराव गोळे गिळून बसे. रात्री नावांतून खंदक ओलांडायला गेलेल्यांना गोळीबारापुढे माघारी फिरावे लागले. जड बॉम्बनी भगदाडे पडली, तरी त्यांतून निकराचा हल्ला करायची वेळ आलीच नाही. जपानी रात्रीतून गटारांच्या वाटेने निसटले आणि २० मार्चला आत अडकलेले काही अँग्लो-बर्मी लोक पांढरे निशाण घेऊन बाहेर आले. तट शेवटपर्यंत उभा होता. जपान्यांची हार ठरली ती नदीवर आणि मेइक्तिलात.

माझ्या मते मंडालेवर इतका दारूगोळा ओतण्यामागे गरजेपेक्षा नावाचा सोस जास्त होता. त्यात आतला सागवानी राजवाडा जवळजवळ सगळा जळाला. आज तिथे दिसतो तो १९९०च्या दशकात पुन्हा उभारलेला. मूळचे कोरीव काम पाहायचे तर तटाबाहेरच्या श्वेनान्दो मठात जावे. राजवाड्यातल्या ज्या महालात मिंडॉनचा मृत्यू झाला, तोच हा मठ; तो थिबा राजाने, म्हणजे पुढे रत्नागिरीत कैदेत दिवस काढलेल्या थिबानेच, राजवाड्यातून उचलून बाहेर हलवला होता, म्हणून तो वाचला.