जागते ती, जागू दे

बाय, काल रात्री फोनवर तू रडत होतीस, म्हणून मी नुसतं ऐकून घेतलं. लेक दर दोन तासांनी उठते, तुझे डोळे चुरचुरतात, आणि आई म्हणते, पालथी घाल, बघ कशी गाढ झोपते. आज दुपारी घर निजलं की हे निवांत वाच. आईला आत्ता दाखवू नकोस. तिच्याशी मी बोलेन. का, ते पुढे कळेल.

आईचं म्हणणं खोटं नाही गो. पालथं बाळ गाढच झोपतं. पण दोन महिन्यांच्या जिवाला तेवढी गाढ झोप सोसत नाही. तोंड गोधडीत रुतलं की बाळ आपलाच सोडलेला श्वास पुन्हा पुन्हा घेत राहतं आणि प्राणवायू कमी पडतो. अशा वेळी ते दचकतं, मान वळवतं, रडून घर उठवतं. ही जाग मेंदूच्या देठातून येते, आणि काही बाळांत तो भाग अजून कच्चा असतो. बाहेरून काहीच दिसत नाही. बाळ दूध पितं, हसतं, वजन धरतं. त्यात पालथी झोप, उकाडा किंवा धूर यांनी ती जाग आणखी मंदावली तर ते उठतच नाही. डॉक्टर याला आकस्मिक शिशुमृत्यू म्हणतात. वर्षाच्या आतलं धडधाकट बाळ झोपेत जातं आणि शवचिकित्सेतही कारण सापडत नाही. सर्वांत जास्त धोका दोन ते चार महिन्यांत असतो, म्हणजे तुझी लेक आता त्याच उंबरठ्यावर आहे. असं क्वचितच होतं, घाबरू नकोस. पण आपल्या हातात जे आहे ते सोपं आहे, पैसेही लागत नाहीत. तिला पाठीवर निजव. रात्री, दुपारी, अर्ध्या तासाच्या डुलकीलासुद्धा. कुशीवर नको, कुशीवरून ती सहज पालथी होईल.

दूध वर आलं तर गुदमरेल, ही भीती मलाही माझ्या थोरल्याच्या वेळी होती. पाठीवर असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. उलटलेलं दूध श्वासनलिकेत जायला वर चढावं लागतं. पालथं घातलं की नेमकं उलट होतं.

आता जे तुला कुणी सांगितलेलं नाही, ते सांगते. माझ्याआधी आईला एक मुलगा झाला होता. साडेतीन महिन्यांचा असताना एका पहाटे तो उठलाच नाही. वाड्यावरच्या बायका म्हणाल्या, झोपेत हिच्या अंगाखाली आला असेल. कुणी म्हणालं, सटवाईचं लिहिणं. मी सात महिन्यांची गरोदर असताना अंगणात कपडे वाळत घालता घालता आईने मला एवढंच सांगितलं आणि ती आत गेली. आता कळतं, ती तुझ्या लेकीला तुझ्या अंथरुणावर का घेऊ देत नाही आणि पाळण्यात घालून पुन्हा पुन्हा का बघून येते. चाळीस वर्षं तिने तो दोष एकटीने वाहिला. तो का गेला, हे कुणालाच कळलेलं नाही, आणि न कळलेल्या गोष्टीचा दोष आईच्या माथी मारणं हे मला सर्वांत क्रूर वाटतं.

त्या काळी मोठमोठे डॉक्टरही पालथंच घाला म्हणत होते. अमेरिकेतल्या डॉ. बेंजामिन स्पॉक यांचं बालसंगोपनाचं पुस्तक जगभर घरोघरी होतं, आणि त्याच्या १९५० नंतरच्या आवृत्त्यांत हाच सल्ला छापलेला होता. चूक कळायला कितीतरी वर्षं गेली. नेदरलँड्समध्ये १९८७ साली पालथं न घालण्याचा सल्ला सुरू झाला. न्यूझीलंडमध्ये त्याच सुमारास मोठा अभ्यास झाला. ब्रिटनमध्ये ॲन डायमंड या टीव्ही निवेदिकेचं बाळ १९९१ मध्ये असंच गेलं. तिने दुःख पोटात न ठेवता मोहीम उभी केली आणि एक-दोन वर्षांत तिथले असे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. अमेरिकेने १९९४ मध्ये तीच मोहीम घेतली, तिथेही हळूहळू तेच झालं. नवं औषध नव्हतं, यंत्र नव्हतं. बाळं उताणी निजवली, एवढंच.

बाळाने शांत झोपावं ही इच्छा जुनी आहे, आणि बहुतेक वेळा ती थकलेल्या बाईची असते. आपल्याकडची, सावंतवाडी-रत्नागिरीकडची कितीतरी माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली. तिथल्या कामकरी बायका पाळीला जाताना तान्ह्याला बाळगोळी देत. तिच्यात अफू असायची. १९२२ साली डॉ. बार्न्स नावाच्या बाईंनी पाहणी केली, तेव्हा त्यांनी लिहिलं की या बायकांच्या शंभरातल्या ९८ बाळांना अफू दिली जाते. दहा तास यंत्रापाशी उभी असलेली आई दुसरं काय करणार होती? मला त्या बायांचा राग येत नाही, पोटात कालवतं. पण अफू श्वासच मंद करते. म्हणून सांगते, झोपेसाठी म्हणून कुणीही काही दिलं, सर्दीचं औषध असो की ब्रँडीचा थेंब, तर लेकीच्या तोंडाला लावू नकोस.

आपल्या म्हाताऱ्यांचं सगळं चुकीचं होतं असं मात्र समजू नकोस. इंग्लंडच्या ब्रॅडफर्ड शहरात पाकिस्तानी वंशाच्या घरांत असे मृत्यू गोऱ्या घरांपेक्षा खूपच कमी आढळले. त्या बायका बाळाला आपल्याच खोलीत ठेवत, अंगावर पाजत, सिगारेट ओढत नसत. आपल्या आज्याही तशाच वागत. म्हणून लेकीला वेगळ्या खोलीत मुळीच नेऊ नकोस. पाळणा तुझ्या खाटेला लावून ठेव. पाजायला उठलीस की हात पोचेल, आणि आईचीही भीती कमी होईल. पाजता पाजता डोळा लागतो, सगळ्यांचाच लागतो. म्हणून सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बसून पाजू नकोस, तिथे बाळ फटीत सरकतं. घरात कुणी हुर्राक किंवा फेणी घेतली असेल तर त्या रात्री त्याने बाळाशेजारी आडवं व्हायचं नाही. हे भाओजींना तू सांग. ऐकले नाहीत तर मी सांगेन.

पाळण्यात घट्ट, सपाट गादी आणि वर ताणून बसवलेली चादर, बस्स. आईने शिवलेली राईची उशी, मऊ लोड, बाहुल्या सगळं बाहेर. डोकं गोल व्हायला उशी लागत नाही. जागेपणी, तू समोर बसलेली असताना तिला थोडा वेळ पालथी घाल, मानही धरेल. साडीची झोळी दुपारी पाच मिनिटं रमवायला ठीक, पण त्यात बाळाची हनुवटी छातीला टेकते, म्हणून झोपलेली तिथे सोडू नकोस.

आणि हा वैशाख. हरमलला संध्याकाळी समुद्राचा वारा सुटला की आई खिडक्या लावते, कुंची घालते, वर दुपटं. बाळ डोक्यावाटे उष्णता बाहेर टाकतं. ते झाकलं तर आतल्या आत तापतं. एक सुती झबलं पुरे, पंखा हळू चालू दे. मानेमागे हात लावून बघ, घाम असेल तर एक थर कमी कर. धुरी बाळंतखोलीत नको. डासांच्या कॉइलऐवजी मच्छरदाणी लाव. सीझनला खोल्या दिल्यात, पाहुणे गॅलरीत सिगारेट ओढतात, त्यांना खाली अंगणात पाठव. चार पैसे गेले तरी चालतील, पण तो धूर तुझ्या खिडकीत नको.

लस चुकवू नकोस. सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याचं टोचण आणि या मृत्यूंचं वय एकच पडतं, म्हणून लोक एकाचा दोष दुसऱ्यावर घालतात. प्रत्यक्षात लस घेतलेल्या बाळांत हा धोका कमी दिसतो. सहा महिने फक्त अंगावरचं दूध दे, घुटी नको, पाणी नको, वर्षाच्या आत मध तर नकोच. आणि पिणं सोडलं, श्वास भराभर चालला, छाती आत ओढली गेली, ओठ निळसर झाले किंवा तीन महिन्यांच्या आत ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर दीठ काढत बसू नकोस. १०८ ला फोन कर आणि सरळ इस्पितळात जा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

शनिवारी मी डिचोलीहून येतेय, मच्छरदाणी घेऊनच येते. रविवारी सकाळी तुम्ही दोघी झोपा, मी लेकीजवळ बसते. आईला घेऊन गोड्या पाण्याच्या तळ्याकडे फिरायला जाईन संध्याकाळी. तिथे तिला विचारीन, त्याचं नाव काय ठेवलं होतं.

राईची उशी टाकू नकोस. पेटीत ठेव.